ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

मी मूळची खाडीकडची. वडील मिठागरावर, आई मिठागरावर, आनि सुट्टी पडली की आम्ही पोरंपन तिकडंच, त्यामुळं उन्हाची मला भीती नाही आनि खाऱ्या पान्याचीपन नाही. लग्न होऊन आले ती ह्या भातशेतीवाल्यांच्या घरात. सासू आधीच गेलेली, घरात सासरे, आमचे हे, आनि धाकटा दीर रमेश, चौथीत होता तेव्हा, शेंबडा मेला. त्याला मी न्हाऊ घातलं, डबा दिला, शाळेत मारामारी करून आला की ह्यांच्यापासून लपवला, तेव्हा दीर म्हना नाहीतर पोटचा म्हना, काय सांगू तुम्हाला.

तुम्ही जीपचं विचारता ना, सांगते. ती सासऱ्यांनी लिलावात घेतली, मिलिटरीची जुनी. गाव हसलं, भात लावनाऱ्याला जीप कशाला म्हनून. पन पावसात आमच्या शेताच्या वाटेवर बैल रुतायचा तिथून ही गाडी चारही चाकांना जोर लावून, घुरघुर करत, भाताची रोपं घेऊन निघायची. मग तेच हसनारे मागून यायचे, काका, आमच्यापन चार जुड्या न्या की.

सासरे गेले, वाटनी झाली. शेताचे दोन तुकडे झाले, पन गाडीचे कसे करनार? तेव्हा ह्यांचा मामा म्हनाला, गाडी दोघांची, दर रविवारी दोघांनी तिला हात लावायचा, जो नाही लावनार त्याचा हक्क गेला. मामा मोठा वस्ताद मानूस. दोघे भाऊ हट्टी आहेत हे त्याला ठाऊक होतं.

मग आमच्या ह्यांनी शेत बिल्डरला विकलं. एवढी बांधावरची पट्टी राहिली तेवढी राहिली. विकायच्या आधी रमेशला विचारलं नाही, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. बिल्डरनं भराव टाकला, जमीन कमरेएवढी उंच केली, आनि तिकडचं सगळं पानी रमेशच्या तुकड्यात उतरायला लागलं. रमेश फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी करतो, पन शेत त्यानं सोडलं नव्हतं, रजा काढून लावनी करायचा. ती रोपं कुजली. तो आला, म्हनाला, दादा, एकदा चल, बघ तरी. हे म्हनाले, पावसाचं पानी आहे, उतरेल. रमेश उभ्या उभ्या निघून गेला. झालं, बोलनं बंद.

पन रविवारी येनार! बाईक लावनार, ओट्यावर पाऊल टाकनार नाही, सरळ जीपखाली. हे आधीच पाना घेऊन बसलेले. आनि मधे कोन, तर मी. वहिनी, त्यांना सांगा जॅक वर घ्यायला. अगं, त्याला सांग पट्टा घट्ट कर. अरे, दोघांमधे हातभर अंतर, नि मी भाकऱ्या सोडून बाहेर! अशी तीन-चार वर्षं काढली मी. क्लच झाला, रेडिएटर झाला, नवं हूड शिवून आनलं, सगळं माझ्या तोंडून झालं. मला आता गाडी खोलता येईल, हसू नका.

मग रमेशच्या मनात आलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे. त्यांना सांगा, जुने ब्रेक चिखलात धरत नाहीत. हे म्हनाले, त्याला सांग, बापानं ह्याच ब्रेकवर गाडी चालवली. पन दुसऱ्या रविवारी हेच तुळिंजच्या दुकानातून सामान घेऊन आले, आनि त्याच्यापुढं ठेवलं.

आता ब्रेक बसवले की तेलाच्या नळीत शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर पेडल नुसतं मऊ दबतं, ब्रेक लागत नाही. ते काम एकट्याचं नाही. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा स्क्रू सोडायचा, हवा गेली की लगेच आवळायचा, मगच वरच्यानं पाय उचलायचा. खालून रमेश म्हनाला, वहिनी, दाबायला सांगा. मी म्हटलं, अहो दाबा. ह्यांनी दाबलं. सोडू नका सांगा. मी सांगेपर्यंत ह्यांचा पाय वर, हवा परत आत. असं किती वेळा झालं! ऑइल सांडतंय, हे चिडतायत, तो चिडतोय, आनि दोघे माझ्यावर चिडतायत.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मेल्यांनो, मी काय तुमचा भोंगा आहे? ब्रेक नाही लागला तर कुनाला तरी चिरडाल, ते चालेल, पन तोंड नाही उघडायचं! मी घरात गेले नि दाराला कडी लावली.

मी खिडकीशी उभी, पिठाचे हात तसेच. मला वाटलं, गेला, आता हा कायमचा गेला. आनि खालून आवाज आला, दाब.

नाव नाही, दादा नाही, नुसतं दाब. पेडल करकरलं. धर. धरलं. सोड. परत दाब. चारही चाकं झाली, आनि मग ह्यांचा आवाज, कडक झाला रे. त्या रे ला मी गॅससमोर ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

ब्रेक बघून येतो म्हनून दोघं गेले. जेवायची वेळ टळली तरी पत्ता नाही. आले तेव्हा दोघांच्या पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या, गाडीला चिखल. तिकडं काय बोलले ते मला आजवर कोनी सांगितलेलं नाही, दोघांनाही विचारून झालं. जेवताना हे एवढंच म्हनाले, पानी खरंच तुंबलंय गं, फोर व्हील टाकली तेव्हा निघालो. आनि ताट सारलं.

पुढच्या रविवारी आमच्या उरलेल्या पट्टीतून ह्यांनी चर खनायला घेतला, रमेशच्या शेतातलं पानी खाडीकडं जावं म्हनून. रमेशपन फावडं घेऊन आला. सगळं पानी नाही जात, खोटं नाही बोलनार. अर्ध्या तुकड्यात यंदा लावनी झाली, पीक येईल न येईल, देवाला ठाऊक.

ओट्यावर तो अजून येत नाही. येईल तेव्हा येईल, मी काय ओढायला जानार नाही. पन रविवारी गाडीखालून दोघांचं भांडन ऐकू येतं, तू आवळलं नाहीस, नाही तूच आवळलं नाहीस, आनि मी आत भाकऱ्या थापते. आता मला कोनी हाक मारत नाही हो. नका मारू. देवा, अशीच बिनकामाची ठेव मला.