आबांना धूर का हवा होता

चा निवू दे जरा, आबांचं सांगतो. आबा म्हंजे माझं थोरलं चुलतं, शिराळ्याकडं असत्यात, फौजेतनं सुभेदार होऊन आल्यालं. रानडुकरांनी ऊस लोळवला, तशी चुलती म्हणाली, "एक तरी डुक्कर पाडा, न्हाईतर ती ठासणीची बंदूक इकून टाका."

म्हणून आबा आन् मी बंदुकीची दारू घ्यायला सांगलीला गेलो. दुकानदार म्हणाला, "आबा, ही बारीक दाण्याची घ्या. धूर कमी, समोरचं लख्ख दिसंल."

आबा म्हणाले, "नको, जास्त धुराची द्या."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना उसाच्या कडंला डुकरीण आली, मागं पाच पिल्लं. आबांनी बार काढला. पांढरा धूर दवावर टेकला आन् हलंचना. ऊस न्हाई, बांध न्हाई, ढगात उभं राहिल्यागत वाटलं गड्या! धूर विरला तवा रान मोकळं होतं.

मी म्हणालो, "आवं आबा, पलटणीत पयला नंबर तुमचा, आन् आज नेम चुकला?"

आबा नळी पुसत म्हणाले, "चुकला न्हाई रं, चुकवला. तुझ्या चुलतीनं इचारलं तर सांग, धुरात कायबी दिसलं न्हाई."