माशाची तीट

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते, गिरणी बंद पडली तसे आईबाबा गावाला गेले आणि मला लालबागला मामाकडे ठेवलं, पोरगा शिकेल म्हणून. शिकतोय कुठला! मामाचं फिशटँकचं दुकान होतं, तिथंच काचा चिकटवायला बसलो तो बसलोच. आता मामा नाही, दुकान नाही, मी घरोघर जाऊन टँक लावतो, साफ करतो. लोक म्हणतात मजा आहे तुझी दिलीप, दिवसभर मासे बघायचे. अहो मासे कोण बघतंय, माझं डोकं कायम टँकच्या खालच्या कपाटात.

काय सांगू तुम्हाला, मोठ्या टँकचा जीव असतो तो त्या कपाटात. वरचं पाणी खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते नळीतून परत वर ढकलतो. सगळा खेळ त्या नळीचा. कडक पीव्हीसी थेट पंपाला जोडलात की पंपाची थरथर काचेत, भिंतीत, घरभर नुसतं घुंऽऽ. म्हणून वाकणारी नळी पाहिजे. पण वाकते म्हणून कुठलीही नाही. बागेची हिरवी घातलीत तर तिचा वास पाण्यात उतरतो, मासे खलास. पारदर्शक दिसायला एकदम चकाचक, पण उजेडानं आतून शेवाळ धरते, वळणावर मोड पडतो, क्लिपखाली कडक होते आणि एक दिवस निसटते. माशांना चालणारी जाड काळी घ्यावी, टोक गरम पाण्यात बुडवून घट्ट चढवावी आणि खुशाल विसरून जावं.

आता मला विसरून जायचंच होतं. का, तर गणपतीला गावी जायचं होतं. सगळी दुनिया गणपतीत लालबागला येते आणि मला लालबागमधून बाहेर पडता येत नाही, बोला! कैक वर्षं झाली. दरवर्षी ऐन सणात टॉवरमधल्या मॅडमचा फोन, दिलीप, पाणी आलं रे बाहेर, लगेच ये. त्यांचा तो लांबलचक मासा, नशिबाचा मासा म्हणतात, त्याला काही झालं तर घर बसेल असं त्यांना वाटतं. आणि आई फोनवर, औंदा तरी ये रे झिला, माझा आता काय खरा नाय. बाबा गेले तेव्हाही मी वेळेवर पोचलो नव्हतो.

म्हणून यंदा ठरवलं, मॅडमकडची ती निसटणारी पारदर्शक काढून काळी नळीच घालायची. तिकीट काढलं, आईला कळवलं, तिनं म्हणे गावभर सांगितलं. नळी घेऊन गेलो तर मॅडम म्हणतात, नाही हं दिलीप, समोर देवघर आहे, उत्तरेला काळं चालत नाही, पारदर्शकच लाव. समजावून थकलो. शेवटी तोंडातून निघून गेलं, मॅडम, आमच्यात पोराला दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट लावतात, ही तुमच्या माशाची तीट समजा. झालं! बाई खूश. लाव म्हणाल्या, आत्ताच लाव.

मनात म्हटलं सुटलो रे बाबा. कसला सुटतोय, हाताने दोरी वळून गळ्यात घातली मी. आठवड्यानं फोन, दिलीप, तू लावलेली तीट आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, आणि गणपतीत घरी पाहुणे येणार, दृष्ट लागायची ती तेव्हाच, तू इथेच थांब, रोज येऊन बघून जा. मी म्हटलं मॅडम, गावी आई वाट बघतेय. तर म्हणतात आईला इकडे बोलव ना. अहो गणपती घरात बसवून ती बाई मुंबईला येईल? पण बोलणार कोण. टॉवरमधली माझी सगळी कामं त्यांच्या शब्दावर, त्यांनी मान फिरवली तर वॉचमन मला गेटच्या आत घेणार नाही. ह्या वयात दुसरं काय करू मी? तिकीट रद्द केलं. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, बरा. इतका राग आला, मॅडमचा नाही, माझ्या ह्या जिभेचा.

विसर्जनाच्या दिवशीही गेलो. कपाट उघडून नळीवर हात फिरवला, सुकी ठणठणीत, एक थेंब नाही. तेवढ्यात गावाहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल. वहाळाच्या पाण्याजवळ सगळे जमलेले, गणपतीला हात जोडून ओरडतायत, पुढच्या वर्षी लवकर या. आई मात्र गणपतीकडे पाठ करून मोबाईलला अगदी नाक लावून उभी, आणि मला म्हणते, पुढच्या वर्साक लवकर ये हां बाबा. तिकडून मॅडम विचारतायत, ठीक आहे ना रे सगळं? ठीक आहे म्हटलं.

देवा म्हाराजा, तेवढं आयुष्य दे तिला. माझ्या सुटकेचं मी बघतो.