टीव्हीपुढे दोन पाट

हॅलो? … हॅलो? हो, हो, मी सखूच बोलतेय… अहो, ऐकू येतंय काय? … मला येतंय. विहिरीतून बोलल्यासारखं येतंय, पण येतंय. रत्नागिरीची ती एक्स्चेंजवाली बाई तीनदा थांबा थांबा म्हणाली, मला वाटलं आज काय मस्कत लागत नाय.

नऊ वाजल्यापासून बसलोय इथे रघूभावजींच्या दुकानात. तुम्हीच लिहिलंत ना, शुक्रवारी अकराला करतो म्हणून… नाय वो, त्यांना त्रास कसला. अख्ख्या वाडीचे फोन इथेच येतात. चहासुद्धा पाजला.

चिमा? ही काय, खांद्याला लोंबकळतेय माझ्या… थांब गो, देते तुला… नवा फ्रॉक घालून आलीय. फोनवर दिसत नाय म्हटलं तरी ऐकत नाय.

अहो, ऐका ना, लाईन कधी जाईल सांगता येत नाय, आधी कामाचं बोलते… बरे हायत, सगळे बरे हायत. म्हैसपण बरी हाय. ऐका! तो कॉम्प्युटर नको… कॉम्प्युटर, कॉम्प्युटर! टीव्हीला लावायचा तो. नको. गेमच आणा… हो, गेम. दोन दांडे असतात ती पेटी…

माहीत हाय, मीच लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले, कॉम्प्युटर शिकली तर पोरीचं कल्याण होईल, म्हणून लिहिलं. ती गेमसाठी रडत होती, तर तिच्यावरही मीच ओरडले, खेळून पोट भरणार हाय काय म्हणून. पण मला काय ठाऊक वो, तिच्या मनात काय हाय…

चिमे, जा, आत जाऊन भावजींच्या आवशीकडे तांब्याभर पाणी माग… जा गो. देते म्हटलं ना फोन.

… गेली. आता ऐका. शिमग्याला विठूभावजी आले ना तिकडून, त्यांनी तो गेम आणला होता. एक दांडा त्यांच्या काशीच्या हातात, एक तिच्या बापसाच्या. दोघं हसतायत, ओरडतायत, जेवणाची शुद्ध नाय. आपली चिमा रोज त्यांच्या दारात उभी. मला वाटलं, पोरीला खेळाचं वेड लागलं. परवा बघते तर टीव्हीपुढे दोन पाट मांडून ठेवलेन. म्हटलं, आता टीव्हीपुढे जेवायचं काय? तर म्हणते, एक माझा, एक बाबांचा. कॉम्प्युटरपुढे एकट्यानेच बसायचं असतं आये, गेमला दुसरं माणूस लागतं…

हो. अशीच म्हणाली.

हॅलो? … अहो, काय म्हणालात?

घेतलात? … कधी घेतलात कॉम्प्युटर? … मग दुकानदाराला परत द्या… घेत नाय? … बरं, राहू दे. रडेल दोन दिवस, मग विसरेल. दांडे नसले तर नसले. तुम्ही आलात की झालं. गणपतीला तीन आठवडे तर राहिले…

महिपतबरोबर? तो येतोय गणपतीला तर येऊ दे, त्याच्याबरोबर कशाला पाठवताय? तुम्ही येताय ना, तुम्हीच आणा की…

काय केलंत?

पुन्हा सांगा… सुट्टी विकलीत? अहो, सुट्टी काय विकायची वस्तू हाय? … कंपनी घेते? … तिकिटाचे पैसेपण देते? … म्हणजे घरी न येण्याचे पैसे मिळाले तुम्हाला. आणि त्याच पैशाचा कॉम्प्युटर.

"कॉम्प्युटर नसेल तर येऊच नका."… हो. लिहिलं होतं. माझंच अक्षर. अहो, पण रागात लिहिलं वो! चौदा वर्षं संसार झाला, रागात मी काय काय बोलते, एकदा तरी खरं धरलंत? घरी असतात तर हसून ताट पुढे ओढलं असतंत. आणि कागदावर लिहिलं तर खरं झालं?

रद्द करा. साहेबाला सांगा, बायको आजारी हाय. मेली म्हणून सांगा! … तुमच्या जागी दुसरा सुट्टीवर गेला? … गेलासुद्धा?

मग पुढची कधी? … दोन वर्षांनी.

गेलात तेव्हा दहाची होती ती. आता बारा. तुम्ही याल तेव्हा चौदाची घोडी झालेली असेल. तेव्हा ती बापसाच्या शेजारी पाटावर बसेल काय वो खेळायला? … नाय, तुम्हाला नाय बोलत. तुम्ही माझ्याच शब्दाखातर केलंत. माझीच जीभ जळो… अहो, असं रडू नका. तिकडे रांगेत मागे माणसं असतील, काय म्हणतील… मी नाय रडत. बघा, मी रडतेय काय?

आली, आली ती पाणी घेऊन. तुम्ही सांगता तिला? … तुम्हीच सांगा. माझ्याने नाय व्हायचं. … चिमे, ये, धर, बाबांशी…

हॅलो? … अहो? … हॅलो! … हॅलो!

रघूभावजी, बघा वो काय झालं… कटला? … परत नाय लागायचा आज?

नाय गो चिमे, लाईन गेली… हो, तुझंच विचारत होते सारखे… फ्रॉकचं? सांगितलं ना. तुझ्यासमोरच सांगितलं… कॉम्प्युटर येतोय. मोठा हाय म्हणे… महिपतकाका आणतील…

बाबा? … बाबा कधी येणार म्हणतेस?

दे इकडे पाणी… चल घरी. भावजींना नमस्कार कर आणि चल… सांगते गो, घरी गेल्यावर सांगते. आधी तो एक पाट उचलून ठेवू.