अण्णांनी 'जा' म्हटल्याशिवाय

कुत्र्याला शिस्त लावावी तर आमच्या सासऱ्यांनी. अण्णांनी 'जा' म्हटल्याशिवाय भुऱ्या भाकरीला तोंड लावायचा नाही. अण्णा वारले, तरी हा आधी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा, मगच खायचा.

तलासरीत भूकंपाचे धक्के बसत होते ना, तेव्हा एकदा भरदुपारी घर हादरलं. आम्ही अंगणात पळालो. भुऱ्या मात्र पडवीत, खुर्चीपाशी ताठ बसलेला. 'ये', 'जा', सगळं ओरडून झालं, पण हलेना. शेवटी बायकोने खुर्चीला हात जोडले. "अण्णा, तुम्ही सांगा त्याला!"

भुऱ्याने खुर्चीकडे बघून कान टवकारले आणि थेट अंगणात उडी मारली. मागे पडवीची कौलं कोसळली.

आता खुर्चीकडे बघितल्याशिवाय आमच्या घरात कुणीच घास उचलत नाही.