जावयाच्या हाती टँकर

—बसा हो उस्ताद, नकार द्यायचाच तर निदान बसून द्या. चहा घ्या. भरलेला टँकर फाटकाशी उभा आहे, पार्टीचे फोनवर फोन येतायत, आणि किल्ली तुमच्या खिशात. मालक मी, किल्ली तुमच्याकडे — काय म्हणायचं याला? नाही, रीत मला मान्य आहे, मीच पाडलीय ती. नवा ड्रायव्हर भरली गाडी उतारावरून खाली नेणार, शेजारी तुम्ही बसणार, तुमचं मन भरलं तरच किल्ली त्याला. पण हा माझा जावई आहे हो. तो म्हणतो, सासऱ्याच्या गाडीवर मी परीक्षा द्यायची? अवजड गाडीचं लायसन आहे, अगदी खरं, मी स्वतः पाहिलंय. आधीची कंपनी — हो, सोडली. म्हणजे… त्यांनीच सोडायला सांगितलं. माणसं जळतात, उस्ताद. डिझेल वाचवावं तर यानं, तुमच्या हाताखालच्या एकाही पोराला जमत नाही — कसं म्हणजे? आता तुम्हाला काय सांगायचं. उतार लागला की गिअर काढतो आणि गाडी मोकळी सोडतो — असे बघू नका. रिकाम्या गाडीला करतो. बहुतेक रिकाम्याच. त्या दिवशी भरलेली होती, ब्रेक तापले, पण थांबली ना शेवटी? भिंतीला लागून का होईना. माणूस कोणी नव्हतं तिथे. म्हणजे होता एक टपरीवाला, पण तो चालतो आता, काठी घेऊन.

मुलगी रोज फोन करते हो. बाबा, हे घरात बसून माझ्यावर आगपाखड करतात, काहीतरी काम द्या. तुम्हालाही मुलगी आहे, तुम्ही काय केलं असतंत? — उताराच्या पायथ्याशी बाजार आहे, माहीत आहे मला. या वेळेपुरती नुसती किल्ली द्या, पुढच्या खेपेला बसा त्याच्या शेजारी. काय? नात? तिचं काय मध्येच? तिला शाळेत मी सोडतो. रोज मीच. नाही, त्याच्याबरोबर नाही पाठवत. बापच आहे तिचा, पण… एकदा बसली होती त्याच्या गाडीत, मी भर रस्त्यात गाडीला आडवा जाऊन तिला उतरवून —

हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

चहा राहू द्या. टँकर आत घ्यायला सांगा. पार्टीला काय सांगायचं ते मी बघतो, मुलीला काय सांगायचं तेही. जा तुम्ही आता.