कडेच्या रेघा

माझं माहेर हुपरीचं. घरात चांदीचं काम, आण्णा म्हंजे माझं वडील पैंजण घडवायचं. चांदीच्या घरातली एक शिस्त असती बघा ताई, कानस मारली की खाली पडलेला कण न् कण कुंच्यानं गोळा करायचा, केर सुदिक टाकायचा न्हाय, त्यातनं परत चांदी निघती. आण्णा कवातरी पाच रुपयाचं नाणं हातात द्यायचं, म्हणायचं, कडंवरनं बोट फिरीव, ह्या रेघा कशाला हायत सांग. मला काय म्हाईत. मग सांगायचं, पूर्वी रुपया चांदीचा असायचा, लबाड लोक कडंला हळूच कानस मारून चांदी काढून घ्यायची अन् झिजलेला रुपया पुरा म्हणून खपवायची, म्हणून कडंला रेघा पाडल्या, खरवडलं की रेघ पुसली, चोरी उघडी. आता नाण्यात कुठली आलीय चांदी, रेघा तेवढ्या ऱ्हायल्या.

लगीन होऊन शिवाजी पेठंत आले. आमच्या ह्यांचं काम सुटलं तवा मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले. दाराला लावायच्या पितळी मुठी पुसायच्या, खोक्यात भरायच्या. त्या मुठींस्नी बी कडंला रेघा, पण त्या हाताला पकड यावी म्हणून.

आता माझा येडेपणा ऐका. पहिल्या दिवशी सुट्टी झाली, बघते तर मुठी कातायच्या लेथ मशिनीखाली पितळंचा भुगा तसाच पडलेला. माझा जीव ऱ्हाईना. सगळा झाडून रुमालात बांधला, मालकास्नी द्यावा म्हणून हापिसात गेले, तर ते बाहेर गेलते. उद्या देऊ म्हणून रुमाल पिशवीत टाकला अन् निघाले. गेटवर वॉचमननं पिशवी उघडली. झालं की. म्हणाला, पहिल्याच दिवशी चोरी व्हय, उद्यापासनं यायचं न्हाय. सगळ्या बाया बघाय लागल्या. काय सांगू तुम्हाला, पगाराबिगर घर चालणार न्हवतं, पण आण्णांचं नाव घालवलं ह्याचंच मला रडू येत हुतं.

तेवढ्यात मालकांची गाडी आली. मी रडत रडत सगळं सांगितलं, हुपरी, केर, आण्णा, अन् पिशवीतलं पाच रुपयाचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. म्हटलं, सायेब, कडंचा कण काढला तरी ती चोरीच, हे ह्या नाण्यावर शिकलेली पोरगी हाय मी, भुगा तुम्हालाच द्यायचा हुता. त्यांनी कडंवरनं बोट फिरवून बघितलं. मग इचारलं, कानस चालवाय येती? म्हटलं, येती की. म्हणाले, मग उद्यापासनं लेथवर शिका.

आता मुठींच्या रेघा मीच पाडते. सुरवातीला चार मुठी वाया घालवल्या, खोटं कशाला बोलू. ह्या महिन्यात तीन नव्या पोरी आल्यात, माझ्याच हाताखाली. त्यास्नी पहिल्याच दिवशी सांगितलं, काम चुकलं तर चुकू दे, शिकवीन. पण गेटवर कुणी अडवलं तर एकटीनं रडत उभं ऱ्हायचं न्हाय, मला हाक मारायची. मी आत हाय.