चाको अच्चनांनी पाडलेली भिंत

मंडळी, माईक जरा लांबच ठेवतो. माझा आवाज मुळात मोठा, आणि आज तो माझ्या ताब्यात नाही. शोकसभेत हळू बोलायचं असतं, मला कळतं. पण चाको अच्चनांबद्दल मला आयुष्यात कधी हळू बोलता आलं नाही. ते असताना त्यांच्या नावाने ओरडत आलो, आता एकदम कुजबुजायला लागलो तर तेच विचारतील, "मास्तर, प्रकृती बरी नाही का?"

तुम्ही सगळे आलात. कारखान्याचे लोक डावीकडे, पक्षाचे उजवीकडे, चर्चची मंडळी मधे, आणि आमचं गाव नेहमीप्रमाणे मागे उभं. माझ्या पाठीमागे तीन फ्लेक्स लागलेत. एकावर सुटातले चाकोशेठ. दुसऱ्यावर फेट्यातले आमदार चाकोसाहेब. तिसऱ्यावर पांढरा झगा, काळी टोपी, छातीपर्यंत दाढी, ते चाको अच्चन. अच्चन म्हणजे त्यांच्या भाषेत धर्मगुरू. मघाशी दारात एका बाईंनी मला विचारलं, "आज तिघांची सभा आहे का हो?" बाई, तुमची चूक नाही. आम्हालाही हा माणूस एकच आहे हे पटायला फार वर्षं लागली.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. नगर रस्त्यावर वाघोलीच्या अलीकडे आमचं गाव, आता शहरात गेलेलं. तिथला मी निवृत्त शाळामास्तर. चाकोसाहेबांच्या विरोधात विधानसभेला उभा राहिलो आणि पडलो. साधा नाही, सपाटून पडलो.

का उभा राहिलो? एका भिंतीसाठी.

हा माणूस केरळातून नोकरीसाठी पुण्यात आला. पत्र्याच्या शेडमध्ये पंप जोडायला लागला, आणि मग आमच्या गावाला लागून मोठा कारखाना काढला. गावातली किती घरं त्या कारखान्यावर उभी राहिली! हे मी तेव्हाही नाकारलं नाही. मराठी तर अशी शिकले की त्यांचा 'ळ' ऐकून मी वर्गातल्या मुलांना म्हणायचो, जा, शेठकडून शिकून या. पण त्यांनी भिंत घातली ती गाव आणि ओढ्याकाठची स्मशानभूमी यांच्या मधोमध. आमची जुनी पायवाट भिंतीच्या आत गेली. जमीन कायद्याने त्यांची होती. पायवाटेचा कागद कोण करून ठेवतो?

मग गाव आपली माणसं हमरस्त्याने न्यायला लागलं. नगर रस्ता, मंडळी! पुढे मडकं धरलेला मुलगा आणि मागून ट्रकचे हॉर्न. माझे वडील मी असेच नेले. एक टेम्पोवाला खिडकीतून मान काढून ओरडला, "आटपा की लवकर!" त्या टेम्पोवाल्याचा राग माझ्या पोटात राहिला, आणि त्याच्याहून मोठा राग राहिला भिंतीच्या मालकाचा.

पुढे शेठचे साहेब झाले. आमच्याच मारुतीच्या देवळासमोर सभा घेतली. म्हणाले, "मला निवडून द्या, भिंतीतून रस्ता काढून देतो." लोकांनी निवडून दिलं. मला घरी बसवलं. रस्ता निघाला का? नाही निघाला. आधी विमा कंपनी आडवी आली, मग चोऱ्यांची भीती आडवी आली, मग अधिवेशन आलं.

आणि एक दिवस बातमी आली, चाकोसाहेब पुढचं तिकीट नको म्हणतात. कंपनी मुलाच्या हाती दिली. धर्मगुरू होणार! अहो, कात्रजपासून हिंजवडीपर्यंत पुणं हसलं. "पंप विकून झाले, मतं मागून झाली, आता पुण्य वाटणार." हे वाक्य कोणाचं होतं ते विचारू नका. वाक्य चांगलं होतं.

त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात संसारी माणसाला धर्मगुरू होता येतं, पण बायकोची संमती लागते. अन्नम्मा वहिनी समोर बसल्यात. वहिनी, सांगू का? सांगतोच. वहिनी बिशपांना म्हणाल्या, "कारखाना काढताना यांनी मला विचारलं नाही. निवडणुकीला उभे राहिले तेव्हाही विचारलं नाही. देवाने निदान विचारायला तरी लावलं. माझा होकार आहे!" हसा, मंडळी, हसा. वहिनीही हसतायत.

केरळात शिकून आले, दीक्षा घेऊन आले. ईस्टरच्या आधी त्यांचा पन्नास दिवसांचा मोठा उपास असतो. त्या उपासाच्या पहिल्या सोमवारी चर्चमध्ये धर्मगुरू सगळ्या लोकांसमोर गुडघे टेकतो आणि क्षमा मागतो. मग लोक एकमेकांची मागतात. हे झाल्याशिवाय उपास पुढे जात नाही. अच्चनांनी त्यात स्वतःची भर घातली. म्हणाले, ज्यांचं मी वाईट केलं ते काही सगळे माझ्या चर्चमध्ये येत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ते घरोघर निघाले.

माझी बेल वाजली. दार उघडतो तर पांढरा झगा. म्हणाले, "मास्तर, मी शब्द मोडला. मला क्षमा करा."

मी म्हणालो, "बसा. चहा घ्या. क्षमा नाही."

माझ्या बायकोने आतून असा डोळा वटारला! पण मी म्हणालो, "भिंत काही माझ्या एकट्याच्या आड नाही. गावाची मागा." चहा संपवला, उठले, सरळ गावात गेले आणि देवळासमोर उभे राहिले. ज्या जागेवरून मतं मागितली तिथेच! लोक गोळा झाले. झग्यासकट गुडघे टेकले त्यांनी, सगळ्या गावासमोर. तेव्हा आमची सरूआक्का काठी टेकत पुढे आली. तिने तिचा नवरा हमरस्त्याने गेलेला बघितला होता. म्हणाली, "बाबा, माफी घिऊन आमी काय करू? माफीवरनं तिरडी जात न्हाई. माफी हाय आमच्याकडं बी, वाट तुमच्याकडं हाय. ती द्या."

मंडळी, मी आयुष्यभर भाषणं केली. असं एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही.

रात्री ते मुलाकडे गेले. रॉयसाहेब, तुम्ही 'नाही' म्हणालात. मान खाली घालू नका, पुढचं चांगलं आहे. तुमची बाजूही खरी होती. कंपनी आता भागीदारांची, सिक्युरिटीचा प्रश्न, सगळं बरोबर.

सोमवारी चर्चमधली प्रार्थना उरकली आणि अच्चन आले थेट कारखान्याच्या गेटवर. गेटवरचा माणूस नवा. तो म्हणतो, "बाबा, गेटपास?" अहो, ज्याने ते गेट बसवलं त्याला गेटपास! अच्चन म्हणाले, "नाही माझ्याकडे," आणि बसले की खाली मातीत! कोणीतरी म्हणालं, आमदारसाहेब उपोषणाला बसले. ते म्हणाले, "उपोषण नाही. उपास आहे, तो आजपासून आहेच. मी फक्त बसलोय." घटकाभरात गाव आलं. पाळी सुटली तसे कामगार आले. पक्षाची मंडळी धावत आली, झेंडे घेऊन, आणि "चाकोसाहेब आगे बढो" सुरू! अच्चन उभे राहून ओरडले, "गप्प बसा! आगे कुठे बढो? भिंत आहे पुढे!"

अहो, मी विरोधी पक्षाचा माणूस, आणि मीच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रॉयसाहेब बाहेर आले. लोक बाजूला झाले. बाप उठला, आणि मुलासमोर गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "भिंत मी घातली. शब्द मी मोडला. आणि राखायला मात्र तुला बसवलं. मला क्षमा कर." मल्याळममध्ये नाही, मराठीत म्हणाले. आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून.

रॉयसाहेब "अप्पा, उठा, उठा ना" करत राहिले. अप्पा उठेनात. तेव्हा तेही खाली बसले, बापासमोर, त्याच मातीत. आणि दोघंही रडत असताना रॉयसाहेब मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "उद्या जेसीबी बोलवा."

दुसऱ्या दिवशी भिंत पडली तेव्हा आमच्या पोरांनी हलगी वाजवली. मी म्हणालो, अरे, स्मशानाची वाट आहे, वाजवता काय! सरूआक्का म्हणाली, "वाजवू दे मास्तर, आजच वाजवायची हाय." पुढे आक्का गेली तेव्हा त्याच पायवाटेने गेली, सावलीतून, हॉर्नशिवाय. खांदेकऱ्यांच्या मागे पांढरा झगा चालत होता.

हे झालं. पण आमचं काम तिथे संपलं नाही. भिंत पडली तरी दर वर्षी उपासाच्या आदल्या रविवारी माझी बेल वाजायचीच. चहा व्हायचा, भांडण व्हायचं. पाण्यावरून, रस्त्यांवरून, माझ्या पक्षावरून, त्यांच्या जुन्या पक्षावरून. इतकं मनापासून भांडायला मला पुण्यात दुसरा माणूस मिळाला नाही. आणि निघताना, चपला घालता घालता, ते विचारायचे, "मास्तर, यंदा तरी?" आणि मी दारात उभा राहून म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू."

वहिनी, तुम्ही मला एकदा फोन करून रागावला होतात. भिंत पाडली, तरी तुमचं मन कसं द्रवत नाही, म्हणालात. आज सगळ्यांदेखत उत्तर देतो. सरूआक्काची तिरडी त्या वाटेने गेली त्याच दिवशी मी क्षमा केली होती. पूर्ण केली होती. पण तसं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी ते माझ्याकडे कशाला आले असते?

उभे राहू या, मंडळी. सगळेच. पक्षवाल्यांनी घोषणा देऊ नयेत, त्यांना आवडत नसे. थोडा वेळ गप्प राहू. मीसुद्धा.

अच्चन, केली क्षमा. आता रामराम घ्या.